रद्दीत घालण्याआधी

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त कळंबा येथे झालेल्या बचत गटांच्या आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



मला या मेळाव्याचं आमंत्रण आलं तेव्हा मी विचारलं, काय बोलू? कायद्यावर बोलू, की समुपदेशनावर? तर फोनवरची ताई म्हणाली, “ते दर वर्षी होतंय. तुम्ही त्या ट्रंकांचं बोला.” म्हणून आज ट्रंकांचं बोलते.

इथून, कळंबा तलावाच्या बाजूनं, दहा मिनिटांच्या अंतरावर एक घर आहे. त्या घरातल्या आक्का गेल्या वर्षी वारल्या. त्यांचं नाव मी घेणार नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणींना ते ठाऊक आहे, पण हे भाषण छापलं जाणार आहे, आणि कागदावर कुणाचं नाव ठेवायचं, कुणाचं नाही, हाच आजचा खरा प्रश्न आहे. आक्कांनी १९८० च्या सुमारास बायकांच्या चळवळीत काम सुरू केलं. मथुरा प्रकरणाचा निकाल १९७८ चा. त्याविरुद्ध चार कायदेपंडितांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं ते १९७९ मध्ये. त्यानंतर गावोगाव ज्या बायका घराबाहेर पडल्या त्यांतल्या आक्का एक. शिक्षण सातवी. पण लिहायची सवय दांडगी.

त्या गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या सुनेचा मला फोन आला. “ताई, दोन लोखंडी ट्रंका आहेत आईंच्या. खोली भाड्यानं द्यायचीय. रद्दीवाला किलोला बारा रुपये म्हणतोय. तुम्हाला बघायच्या असल्या तर रविवारपर्यंत या.”

मी शनिवारीच गेले. एका ट्रंकेत मोर्चांची पत्रकं, सभांच्या वह्या, पावतीपुस्तकं, फोटो, चार-पाच कॅसेटी. दुसरीत पत्रं. पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं, वहीचं पान फाडून घडी घातलेल्या चिठ्ठ्या. बायकांनी आक्कांना लिहिलेली. आम्ही मोजली तेव्हा एकशे बारा भरली. आणि सगळ्यात तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या, आक्कांच्या स्वतःच्या तीन डायऱ्या.

रद्दीवाल्याच्या काट्यावर हे सगळं साधारण बावीस किलो भरलं असतं. म्हणजे दोनशे चौसष्ट रुपये.

कोणाचे कागद उरतात?

आज तीन जानेवारी. सावित्रीबाईंबद्दल आपण भाषणं करतो, गाणी म्हणतो. पण त्या बोलत कशा होत्या, विचार कसा करायच्या, हे आपल्याला कशावरून कळतं? त्यांच्या कविता आहेत. आणि त्यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं आहेत. मोजून तीन. १८५६ चं, १८६८ चं, आणि १८७७ चं. शेवटचं पत्र ओतूरहून, दुष्काळात काम करत असताना लिहिलेलं. हे सगळं डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात १९८८ मध्ये आपल्यासमोर आलं. पन्नास वर्षांच्या संसाराची आणि कामाची तीन पत्रं. बाकीची कुठं गेली? चुलीत गेली असतील, पावसात भिजली असतील, कुणी तरी ‘जुने कागद’ म्हणून टाकली असतील.

ताराबाई शिंद्यांचं घ्या. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. त्यानंतर ते लोकांच्या विस्मृतीत गेलं, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा ते आपल्या पिढ्यांना मिळालं. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली. या त्र्याण्णव वर्षांत किती मुलींना वाटलं असेल, की असा राग फक्त आपल्यालाच येतो! मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं १८५५ मध्ये लिहिलेला निबंध आज आपण वाचतो, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला म्हणून. म्हणजे जे छापलं गेलं ते वाचलं. जे हातानं लिहिलं आणि घरात राहिलं ते बहुतेक गेलं.

आता आपल्या कोल्हापूरचीच एक गोष्ट. डॉ. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. त्या लहान वयात गोपाळरावांबरोबर कोल्हापुरात राहिल्या होत्या. इथूनच, १८७८ च्या सुमारास, गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि दोघींची मैत्री सुरू झाली. पुढं १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या, तेव्हा त्यांची नेमणूक झाली होती आपल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागावर. ज्याला आपण आज सीपीआर म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. आपल्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं तिथं झाली. आनंदीबाई मात्र त्या वॉर्डात पोचल्याच नाहीत. आजारी अवस्थेत त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या.

हे सारं आपल्याला इतक्या बारकाईनं का माहीत आहे? कारण कार्पेंटरबाईंनी पत्रं जपली. त्यांच्या आधारानं कॅरोलिन डॉल या बाईंनी १८८८ मध्येच इंग्रजीत चरित्र लिहिलं. इकडे काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं, तेही पत्रांच्याच आधारानं. आणि ज्या कॉलेजात आनंदीबाई शिकल्या, त्याचे जुने कागद आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात सांभाळलेले आहेत. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी एक जपानी आणि एक सीरियन डॉक्टरीण, हा १८८५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो तिथलाच.

आनंदीबाई एकविसाव्या वर्षी गेल्या. पण एका मैत्रिणीनं टपाल जपलं, म्हणून त्या बोलत राहिल्या. इतिहास राजवाड्यातच घडतो असं आपल्याला शाळेत शिकवलं. तो मैत्रिणीच्या कपाटातही राहतो.

सरकारी दप्तर आणि आपली चिठ्ठी

कुणी म्हणेल, सरकारकडं असतंच की सगळं. असतं. कोल्हापूर संस्थानाचं दप्तर आजही राज्य सरकारच्या पुराभिलेखागारात आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आणि विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. १९१९ मध्ये बायकांना क्रूरपणानं वागवण्याविरुद्ध कायदा केला. भारतीय दंड विधानात ४९८ अ कलम आलं ते १९८३ मध्ये, आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. म्हणजे आपल्या संस्थानात ही गोष्ट किती आधी लिहून ठेवली गेली बघा. दप्तर राहिलं म्हणून हे अभिमानानं सांगता येतं. शिवाजी विद्यापीठानं शाहू महाराजांचे कागद खंडांमध्ये छापले आहेत.

पण मला समाजकार्यकर्ती म्हणून एक प्रश्न पडतो. तो कायदा करावा असं वाटण्याइतका त्रास ज्या बायकांना होत होता, त्या काय म्हणत होत्या? कायद्याचा कागद राहिला. ज्या बाईच्या पाठीवर वळ होते तिचा शब्द कुठं आहे? सरकारी दप्तरात बाई येते ती अर्जदार म्हणून, आरोपी म्हणून, किंवा कुणाची तरी ‘बायको’ म्हणून. आक्कांच्या ट्रंकेतली बाई मात्र थेट बोलते. “आक्का, पत्रास कारण की, मी माहेरी आली आहे, पण भाऊ ठेवून घेत नाही.” अशी सुरुवात असलेली कितीतरी पत्रं आम्ही वाचली.

आणि कागद सांभाळणं हे काम फक्त शिकलेल्या, बऱ्या घरच्या बायकांसाठी नाही, हेही लक्षात घेऊ या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध घेतला, घरोघर जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये केलं. तोवर त्या चळवळीचा इतिहास जणू पुरुषांचाच होता. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर सांगणाऱ्या किती जणी उरल्या असत्या?

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमा केल्या. दळणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. आपल्या शेजारच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली. त्यांच्यावर ‘युगांतर’ या गटानं १९८२ मध्ये माहितीपट केला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ केला होता. हे माहितीपट पुढं वर्षानुवर्षं सहज बघायला मिळत नव्हते. अलीकडच्या काळात बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेनं त्यांच्या जुन्या प्रती दुरुस्त करून डिजिटल केल्या. आता निपाणीची नात आपल्या आजीला घोषणा देताना बघू शकते. पण त्यासाठी कुणीतरी चाळीस वर्षं रिळं टाकून दिली नव्हती, हे विसरू नका.

माझी चूक

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा केस कशी लिहायची हे आम्हाला दोन वर्षं शिकवलं. गुप्तता म्हणजे काय हे शिकवलं. पण केस संपल्यावर त्या कागदाचं पुढं काय करायचं, यावर एक तासही झाला नाही. नोकरीला लागल्यावर मी ज्या ठिकाणी काम करत होते तिथलं ऑफिस हलवायचं ठरलं. जागा लहान होती. कपाटं आवरायचं काम माझ्याकडं आलं. मी दोन दिवसांत आवरलं. जमाखर्च, व्हाउचरं, बिलं नीट बांधून ठेवली, कारण ऑडिटला लागतात. आणि पंधरा वर्षांच्या बैठकांच्या वह्या, बायकांनी स्वतःच्या हातानं काढलेली पोस्टरं, शिबिरांत लिहिलेल्या त्यांच्या गोष्टी, हे सगळं रद्दीत घातलं. ‘जुनं झालंय’ म्हणाले.

ऑडिटला लागतं ते ठेवलं, बायकांचं टाकलं. हे वाक्य मला अजून टोचतं. आपण पुरुषप्रधान व्यवस्थेला नावं ठेवतो, पण काय महत्त्वाचं आणि काय फालतू याची तिचीच फूटपट्टी माझ्या हातात होती, आणि मला ते कळलंही नाही.

आक्कांच्या सुनेचा फोन आल्यावर मी शनिवारीच का धावले, ते यावरून कळेल.

पत्र कुणाचं?

आता अवघड भाग. ट्रंका वाचवल्या, पण पुढं काय? मी उत्साहात म्हटलं, ताबडतोब एखाद्या अभिलेखागाराला देऊन टाकू. सून म्हणाली, “ताई, पण ही पत्रं आईंना लिहिलेली आहेत. ह्या बायकांनी जगाला लिहिलेली नाहीत.”

खरं सांगते, एम.एस.डब्ल्यू. मी होते, आणि गुप्ततेचा पहिला धडा त्या बाईनं मला दिला.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा. पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणजे आक्कांचे वारस कागद देऊ शकतात, पण ती पत्रं छापायची परवानगी ते देऊ शकत नाहीत. आणि कायद्याच्या पलीकडं माणुसकी आहे. १९८६ मध्ये ज्या बाईनं नवऱ्याविषयी लिहिलं, ती आज त्याच घरात आजी म्हणून राहत असेल. तिच्या सुनेला, नातवाला यातलं काही ठाऊक नसेल. आपण तिला न्याय मिळवून द्यायला निघालो होतो, आणि आपल्याच हातून तिची झाकली मूठ उघडी पडायची.

मग आम्ही ठरवलं, ज्यांना विचारता येईल त्यांना विचारायचं. पण कसं? पत्र पाठवायचं नाही, फोन करायचा नाही, घरी जायचं नाही. ज्या बायका पुढंही संघटनेच्या संपर्कात राहिल्या, फक्त त्यांनाच, त्यांच्या ओळखीच्या कार्यकर्तीमार्फत, एकटीला गाठून विचारायचं. अशा सात जणी मिळाल्या. दोघींचं सांगते.

एक मावशी आता सत्तरीच्या आहेत. त्यांचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाल्या, “हे माझं मला द्या.” आम्ही दिलं. त्यांनी ते आमच्यासमोर चुलीत घातलं. म्हणाल्या, “तवा लिवलं तवा गरज हुती. आता नगं.” मला क्षणभर वाईट वाटलं, इतकं बोलकं पत्र होतं ते. पण ते त्यांचं होतं. स्वतःची गोष्ट सांगायचा हक्क म्हणतो तेव्हा न सांगायचा हक्कही त्यातच येतो.

दुसऱ्या बाईंना मी सांगत होते, काळजी करू नका, तुमचं नाव आम्ही झाकू. त्या एकदम तडकल्या. “नाव झाकायचं? का म्हणून? मार मी खाल्ला, बाहेर मी पडले, पोरं मी वाढवली. नाव पुसलंसा तर ते कुणाचं म्हणायचं? गावाचं?” त्यांनी पत्राच्या मागं, आमच्यासमोर, आज त्या कुठं आहेत, मुलं काय करतात, हे चार ओळींत लिहून खाली सही केली.

दोघींचंही बरोबर होतं. म्हणून सगळ्यांसाठी एकच नियम करून चालत नाही, हे आम्ही शिकलो.

बाकीच्या पत्रांचं आम्ही असं ठरवलं आहे. ज्यांना विचारलं आणि ज्यांनी हो म्हटलं, ती पत्रं खुली. जिथं विचारता येत नाही, ती पत्रं संस्थेत सुरक्षित राहतील, पण पन्नास वर्षं कुणालाही वाचायला मिळणार नाहीत. त्यानंतरही अभ्यासकानं नाव-गाव छापायचं नाही, असं लेखी घ्यायचं.

डायऱ्या

आणि मग त्या तीन डायऱ्या. आक्कांच्या मुलानं आणि सुनेनं त्या आधी वाचल्या, मग मला वाचायला दिल्या. दुसऱ्या डायरीत, १९८४ च्या एका पानावर, आक्कांनी लिहिलं आहे, की आज मोर्चाहून यायला उशीर झाला म्हणून ह्यांनी हात उचलला. नंतर आणखी तीन ठिकाणी तेच.

मैत्रिणींनो, आम्ही आक्कांच्या मागं पोलीस चौकीत गेलो आहोत. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना त्यांनी भर चौकात जाब विचारलेला आम्ही ऐकला आहे. आणि त्या घरी येऊन हे सोसत होत्या, आणि आम्हाला कधी बोलल्या नाहीत. आम्ही त्यांना कधी विचारलंही नाही. कार्यकर्तीला घर असतं, हे आपण सोयीनं विसरतो.

मुलाचं म्हणणं, “बाबा आता नाहीत. त्यांना उत्तर देता येणार नाही. गावात आमचं नाव आहे.” त्याचं दुःख मला समजलं. तो खोटं म्हणत नव्हता, ‘असं झालंच नाही’ असंही म्हणत नव्हता. सून म्हणाली, “आईंनी लिहून लुगड्यात बांधून ठेवलं. जाळायचं असतं तर चूल हाताशी होती. कुणीतरी वाचावं म्हणूनच ठेवलं ना?”

यावर दोन महिने त्या घरात बोलणं चाललं. मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. डायऱ्या जाळायच्या नाहीत, पानं फाडायची नाहीत, शाई फिरवायची नाही. पण त्या लिफाफ्यात बंद करून द्यायच्या, आणि तीस वर्षांनी उघडायच्या. सून म्हणाली, “तोवर माझी पोरगी चव्वेचाळीस वर्षांची हुईल. तिनं पहिल्यांदा वाचावं.” दानपत्रात ते तसंच लिहिलं आहे: पहिलं वाचन नातीचं.

मला वाटतं, स्त्री चळवळीनं इतकी वर्षं ‘जे खाजगी ते राजकीय’ म्हटलं, त्याचा अर्थ त्या घरानं आपल्या पद्धतीनं लावला. सगळं चव्हाट्यावर आणायचं असा त्याचा अर्थ नाही. पण खोटं ठेवायचं नाही, हा नक्की आहे.

आता कामाचं बोलू या

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे कागद असतील तर काय करायचं, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, घाईनं ‘आवरू’ नका. कागद ज्या क्रमानं, ज्या गठ्ठ्यात आहेत तसेच राहू द्या. कोणता कागद कशाशेजारी ठेवला होता यालाही अर्थ असतो. ‘हे बिनमहत्त्वाचं’ म्हणून आपण काढतो तेच कधीकधी मोलाचं असतं. वाणसामानाची यादी, दुधाचा हिशेब, भिशीची वही यांवरून बाईचं जगणं कळतं.

दुसरं, लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि कागद खाते. टाचण्या, रबर, गंजलेल्या क्लिपा हलक्या हातानं काढा. लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीनं. फोटोमागं कोण, कुठं, कधी, हे आजच लिहा. ज्यांना चेहरे ओळखता येतात त्या म्हाताऱ्या आपल्यात आहेत तोवर.

तिसरं, पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिला. २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयाचं केवढं नुकसान झालं. आपल्या घरातल्या कपाटांचं तर कुणी मोजलंच नाही. कागद जमिनीलगत ठेवू नका. भिजलेच तर कडक उन्हात टाकू नका, पानं ओढून सुटी करू नका. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरा शोषणारा कागद घालून सावकाश वाळवा.

चौथं, कुणाला द्यायचं? मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र १९७४ पासून आहे. १९८८ मध्ये सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ ही संस्था खास बायकांचे आवाज, फोटो, कागद जपण्यासाठी सुरू केली. इथं जवळ शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, सरकारचं पुराभिलेखागार आहे. पण नाव मोठं म्हणून देऊ नका. आम्ही ट्रंकांचं सांगायला एका ठिकाणी गेलो, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, “कोण होत्या या? आमदार वगैरे?” आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. देण्याआधी विचारा: कागद कुठं ठेवणार? यादी करणार का, आणि किती दिवसांत? कुणाला बघायला देणार? आम्हाला प्रती मिळतील का? आणि तुमची संस्था बंद पडली तर हे कुठं जाणार?

हा शेवटचा प्रश्न उगीच नाही. ॲमस्टरडॅममध्ये १९३५ साली बायकांनी स्त्री चळवळीचं एक अभिलेखागार उभं केलं. १९४० मध्ये नाझींनी ते लुटून नेलं. पन्नास वर्षं ते नष्ट झालं असंच सगळे धरून चालले होते. १९९२ मध्ये त्यातला बराच भाग मॉस्कोत सापडला आणि २००३ मध्ये परत आला. बायकांची पत्रं लुटून न्यावीत इतकी ती कुणाला तरी महत्त्वाची वाटली. मग आपल्याला का वाटू नयेत?

पाचवं, तोंडी देऊ नका. दानपत्र लिहा. काय दिलं त्याची यादी, कायमचं दिलं की सांभाळायला दिलं, कोणता भाग किती वर्षं बंद, छापायची परवानगी कुणी द्यायची, हे सगळं त्यात हवं. दोन प्रती, दोन्हींवर सह्या. आपल्या बायका घराच्या कागदावर सही करताना विचारत नाहीत, निदान या कागदावर विचारून करा.

आणि शेवटचं, आजचं. आता बायका पत्र लिहीत नाहीत. माझ्याकडं तक्रारी येतात त्या व्हॉट्सॲपवर, बोलून पाठवलेल्या. रात्री दोन वाजता, कुजबुजत. मोबाईल बदलला की तो आवाज गेला. आक्कांची ट्रंक चाळीस वर्षं टिकली, माझा फोन चार वर्षं टिकत नाही. तेव्हा गटाचे निर्णय, मोर्चाचे फोटो, बायकांनी परवानगी दिलेले आवाज दर वर्षी वेगळे काढून ठेवा, आणि महत्त्वाचं ते कागदावर उतरवा. मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग राज्यभर त्याची दखल घेतली गेली. तो ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत राहील. पण त्या दिवशी घरी जाऊन ज्या विधवा बाईनं आरशासमोर उभं राहून कपाळाला टिकली लावली असेल, तिला काय वाटलं, हे कोणत्या वहीत आहे? ते तिनंच लिहायला हवं, किंवा आपण तिच्याशेजारी बसून लिहून घ्यायला हवं.

आक्कांच्या ट्रंका पुढच्या महिन्यात जाणार आहेत. दानपत्र झालं आहे. एकशे बारांतलं एक पत्र चुलीत गेलं, म्हणून यादीत एकशे अकरा आहेत. आम्ही यादीत त्या जागी लिहिलं आहे: “एक पत्र, लिहिणारीनं परत घेतलं.” तेवढीही नोंद मला महत्त्वाची वाटते. कुणीतरी होती, तिनं लिहिलं होतं, आणि काय करायचं ते तिनंच ठरवलं.

सून म्हणाली, “ट्रंका तेवढ्या परत द्या हं ताई, धान्य ठेवायला बऱ्या आहेत.” त्या परत येतील.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या आईचं, सासूचं, आजीचं, किंवा स्वतःचं एक गाठोडं उघडा. रद्दीवाल्याची हाक यायच्या आधी.